दुसरा रिमोट

गेमच्या कॅसेटच्या फटीत पितळी दातांची ओळ, आणि त्यातल्या एका दातावर हिरवट काहीतरी – गंज असेल, नाहीतर नुसती धूळ... सुनयनाने कॅसेट ओठांशी धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर घातली. मग उलट्या बाजूने पुन्हा एकदा. दोनदाच. तिसरी फुंकर घातली की चित्र फाटतं, असं उज्वलाने लहानपणी कधीतरी ठरवून टाकलं होतं, आणि धाकटीने एकदा ठरवलं की ते या घरात सरकारी हुकमासारखं लागू व्हायचं. अजूनही लागूच होतं. मोडायला घरात दुसरं होतं कोण?

रविवार. मार्केट बंद, म्हणजे वाशीच्या कांद्याच्या गाळ्यावरची तिची बिलं करायची नोकरीही बंद. आप्पा त्याच मार्केटात माथाडी होते. एका दिवाळीला बोनस हातात पडल्यावर त्यांनी हा टीव्ही गेम रिकाम्या पोत्यात गुंडाळून आणला होता, आणि आई म्हणाली होती, पोरींना हे कसलं खूळ लावता. त्यानंतर आठवडाभर गेमच्या वायरींनाही कांद्याचा वास येत होता... आता आप्पा आणि आई साताऱ्याकडे, गावी. उज्वलाचं लग्न झालं, ती उरणला मोरा बंदराच्या बाजूला गेली, आणि कोपरखैरण्याची ही एवढीशी खोली एकाएकी मोठी झाली. धाकटीचं आधी झालं. मांडवात बायका कुजबुजत होत्या, मोठीचं काय? – आणि मोठी त्यांच्याच पंगतीत जिलबी वाढत होती. हसून हसून त्या दिवशी तिचे गाल दुखले होते.

आज उज्वला येणार होती. लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी, दिवसभरासाठी. श्यामसुंदर, तिचा नवरा, संध्याकाळी न्यायला येणार होता. सुनयनाला जेवणाचं, गप्पांचं एवढं काही नव्हतं. तिला एक डाव हवा होता. पहिल्यासारखा. त्याच्यासाठी ती पहाटेपासून उगाच घर आवरत होती.

खेळ रणगाड्यांचा. पडद्याच्या तळाशी मधोमध, विटांच्या कुंपणात एक पक्षी बसलेला, वरून शत्रूचे रणगाडे विटा फोडत खाली येतात, पक्षी वाचवायचा. डावीकडचा पिवळा सुनयनाचा, उजवीकडचा हिरवा उज्वलाचा. पहिल्या रिमोटला स्टार्टचं बटण होतं, दुसऱ्याला नव्हतंच. त्यामुळे डाव सुरू करायचा थोरलीने, मध्येच थांबवायचा तोही थोरलीने. उज्वलाला तहान लागली तरी ती ओरडायची, ताई, थांबव. परवा सुनयना नवा अडॅप्टर घ्यायला गेली तर वाशीचा दुकानदार म्हणाला, मॅडम, आता सीडीवाले गेम आलेत, हे कोण खेळतं? तिने अडॅप्टर पिशवीत टाकला. पण खेळ जुना कुठे झाला होता? माणसं जुनी होतात, त्यांचे केस पिकतात, ती गावी जातात, सासरी जातात... पक्षी तिथेच. सुरुवातीची ती छोटीशी धून तीच, आणि ती वाजली की पोटात होणारी गुदगुलीही तीच.

एक गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. शेजारच्या शकुबाईंनाही नाही, आणि शकुबाईंना सहसा सगळंच ठाऊक असतं. गाळ्यावरून आली की सुनयना रोज खेळायची, आणि रोज दोघींचा डाव लावायची. आधी दुसरा रिमोट हातात घेऊन हिरव्याला पक्ष्याच्या शेजारी नेऊन उभा करायची, तो रिमोट पलीकडच्या उशीवर ठेवून द्यायची, आणि मग पिवळ्याने डोळ्यांत तेल घालून दोघांची राखण करायची – पक्ष्याची आणि हिरव्याची. हिरवा मेला की डाव संपला, लगेच टीव्ही बंद. हा नियम तिचा स्वतःचा. खेळाच्या दृष्टीने वेडेपणाच. पण हिरवा जिवंत असताना डाव संपला तर तिला जेवण गोड लागायचं.

उज्वला आली ती हातात सुकटीची पिशवी घेऊन. पंख्याखाली बसत म्हणाली, "पानी दे गं." पूर्वी ती पाणी म्हणायची. सुनयनाने पाणी दिलं. मग सासू, नणंद, मोऱ्याच्या धक्क्यावरचा बाजार, श्यामसुंदरचं घोरणं – उज्वला बोलत राहिली, जेवताना बोलली, भांडी घासताना बोलली, आणि सुनयना हं हं करत राहिली. तिचं अर्धं लक्ष टीव्हीखालच्या त्या खोक्याकडे. उज्वलाचंही लक्ष तिकडे गेलं. सुनयनाला बरं वाटलं... क्षणभरच.

"ताई, एक विचारू? नणंदेची मुलगी लय मागे लागलीय गेमसाठी. हा नेऊ का? तू काय, एकटी थोडीच खेळतेस."

एकटी थोडीच खेळतेस. खरंच होतं की ते, एका अर्थी. सुनयना म्हणाली, बघू. आधी एक डाव तर खेळू.

उज्वला हसली, पदर खोचून मांडी घालून बसली, आणि पलीकडच्या उशीवरचा रिमोट तिने उचलला. धून वाजली. हेच. एवढंच तर हवं होतं...

पण हिरवा हलला. हलणारच, तरी सुनयना दचकली. तो पक्ष्याजवळ थांबला नाही, सरळ वर सुटला, विटा फोडत, कोणाच्या बापाला न भिता. शत्रू खाली घुसायला लागले. सुनयनाने नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेळी गोळी सोडली – आणि ती नेमकी परत येणाऱ्या हिरव्याला लागली. या खेळात आपल्याच माणसाची गोळी लागली तर मरण येत नाही. रणगाडा नुसता जागच्या जागी अडकतो आणि थोडा वेळ लुकलुकत राहतो.

अगं, बघून मार की, उज्वला म्हणाली. सुनयनाने चुकलं म्हटलं. चुकलंच होतं, त्या वाटेने कोणी येत नसतं, अशी हाताला सवय होती. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. तेही चुकूनच.

तिसऱ्यांदा हिरवा पक्ष्याजवळून जात होता. सुनयनाला तो स्पष्ट दिसला. तिने बटण दाबलं.

हिरवा अडकला. कुंपणाला लागून, रोजच्या जागी, लुकलुकत. आणि तिच्या छातीतलं सकाळपासूनचं ओझं उतरलं. हां. आता बरोबर.

"ताई, तू मलाच मारतेयस."

उज्वला हसतच म्हणाली होती. पण सुनयनाचे कान गरम झाले. आपण कोणाची वाट पाहत होतो? या बोलणाऱ्या, हलणाऱ्या, पानी मागणाऱ्या उज्वलाची? की त्या मुक्या हिरव्याची, जो ठेवला तिथे राहतो? मी हिला खेळायला बोलावलं... की अडवून ठेवायला बोलावलं? विचार नकोसा होता, म्हणून तिने तो झटकला. तो गेला नाही.

तेवढ्यात दारातून शकुबाईंनी हाक मारली: उज्वलासाठी फोन आहे, उरणहून. उज्वला रिमोट उशीवर टाकून उठली आणि दाराकडे जाता जाता, अगदी पहिल्यासारखी, म्हणाली, "ताई, थांबव हं."

सुनयनाने स्टार्ट दाबलं. सगळं थांबलं. शत्रू, गोळ्या, पक्षी, हिरवा. नुसता पंख्याचा आवाज. भिंतीपलीकडून उज्वलाचं बोलणं ऐकू येत होतं – शब्द नव्हेत, नुसता सूर – आणि त्या सुरात एक हसू होतं, जे सुनयनाने या खोलीत कधीच ऐकलं नव्हतं. पडद्यावर हिरवा उभा होता. वाटेल तेवढा वेळ उभा राहिला असता. तिला ते बघवेना, आणि तिने पुन्हा स्टार्ट दाबलं.

उजवीकडून एक रणगाडा खाली उतरला. हिरव्याच्या रोखाने. पिवळा योग्य जागी होता, तिचा अंगठाही बटणावर होता. रोजच्या संध्याकाळी हाच तर तिचा धंदा. तिने बटण दाबलं नाही.

हिरवा फुटला. आणि लगेच, उजवीकडच्या आपल्या कोपऱ्यात, नवा हिरवा उभा राहिला. कोणी न वाचवता. ती त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिने हे कधी होऊच दिलं नव्हतं.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. आता ती येईल, आणि विचारेल – देतेस ना? नाही म्हणावंसं वाटत होतं. पण ते गेमसाठी की कशासाठी, हे सुनयनाला उमगेना. चपला दाराकडे येऊ लागल्या. पहाटेपासून जिची वाट पाहिली, ती आणखी थोडा वेळ बाहेरच राहावी, असं तिला वाटलं.