हिरडीच्या रंगाचा फासा

मित्रांनो, मी दातांच्या कवळीचा सख्खा चुलतभाऊ आहे. हसू नका. म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्यांच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्यातून घडतात, त्याच मसाल्यातून माझा जन्म झाला. मी एक फासा आहे. मला वीस त्रिकोणी बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूवर दातासारख्या पांढऱ्या रंगात एकेक आकडा आहे. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास स्वतःच्या तोंडाला हात लावतो.

मला घडवणारे गृहस्थ कवळ्या बनवायचे. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना 'दादा' म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणतो. तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली हा त्यांचा कारखाना. तिथल्या फळ्यांवर प्लास्टरचे पन्नास-साठ जबडे मांडलेले असत आणि प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. इतके जबडे उघडे असूनही त्या खोलीत बोलत मात्र कुणीच नसे. दादांनाही तीच सवय लागली असावी. दिवसाकाठी दहा शब्द बोलले तरी खूप.

वरच्या मजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दादांची मुलगी टिकली त्याला काका म्हणे. शहरभर लोकांना वर-खाली नेणारा हा काका एक जिना उतरून आपल्या भावाशी बोलायला मात्र तयार नव्हता. जेवायला रोज खाली यायचा, त्याच टेबलाशी बसायचा आणि म्हणायचा, "टिकले, तुझ्या बाबांना सांग, वरचा नळ गळतोय."

दादा हातभर अंतरावर बसलेले असायचे. तेही म्हणायचे, "टिकले, काकाला सांग, उद्या बघतो."

टिकली निरोप पोचवायची आणि मध्येच आपला फायदाही करून घ्यायची. "काका, बाबा म्हणतायत, मला तुझ्यातलं अर्धं आईस्क्रीम दे."

या अबोल्याचं कारण मला पुढे कळलं. टिकली तीन वर्षांची असताना नव्या लिफ्टचं काम शिकायला काका दोन महिने परगावी गेला होता. मागे त्यांची आई आजारी पडली. ती दादांना म्हणाली, "त्याला कळवू नकोस. उगीच शिक्षण अर्धवट टाकून धावत येईल." दादांनी ऐकलं. दुखणं आठवड्यात हाताबाहेर गेलं, आणि दादांनी फोन केला तेव्हा उशीर झाला होता. काका परत आल्यावर त्याने एकच विचारलं, "मला का नाही कळवलंस?" दादा म्हणाले, "आईनं सांगितलं होतं." दोघा भावांमधलं ते शेवटचं बोलणं. त्याला पाच वर्षं झाली होती.

आता माझी खरी जन्मकथा. टिकलीच्या आईला काका वहिनी म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या. दिवसभर खऱ्या जमिनीचे नकाशे काढून त्यांचं समाधान व्हायचं नाही, म्हणून घरी त्या नसलेल्या देशांचे नकाशे काढत. कचेरीतल्या मैत्रिणीकडून त्यांना एका खेळाची माहिती मिळाली. त्यात एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्राने काही अवघड करायचं ठरवलं की फासा टाकायचा. मोठं दान पडलं तर फत्ते, छोटं पडलं तर फजिती.

वहिनी स्वतः सूत्रधार झाल्या आणि त्यांनी फर्मान काढलं, "दर रविवारी दुपारी सगळ्यांनी खेळायचं. कारणं चालणार नाहीत." दिराचीही सुटका नव्हती.

सुरुवातीला फासा नव्हता. एका डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून त्यातली एक काढायची. पण टिकलीच्या हाताला सलग सहा वेळा वीसचीच चिठ्ठी लागली तेव्हा वहिनींना संशय आला. पाहतात तो काय, त्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला!

तेव्हा दादा म्हणाले, "मी फासा करतो." त्या दिवसाच्या दहातले तीन शब्द माझ्यासाठी खर्ची पडले, याचा मला अजून अभिमान आहे.

दादांनी आधी मेणाचा फासा कोरला. तो पितळी डबीत ठेवून भोवती प्लास्टर ओतून साचा केला आणि उकळत्या पाण्याने मेण काढून टाकलं. त्या पोकळीत कालवलेला गुलाबी मसाला दाबून भरला, डबी आवळली आणि गरम पाण्यात ठेवली. मी बाहेर आलो तेव्हा अगदी ओबडधोबड होतो. तीन दिवस कानस, मग पॉलिश कागद, मग फिरता ब्रश. आकडे कोरून त्यांत पांढरा मसाला भरला. शेवटी दादांनी पेलाभर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घातलं आणि मला तरंगत ठेवलं. बोटाने टिचकी मारली की मी गोल फिरायचो. प्रत्येक वेळी वेगळा आकडा वर आला. एकच आकडा पुन्हा पुन्हा वर आला असता, तर मी एका अंगाला जड आहे असं ठरलं असतं आणि माझी रवानगी कचऱ्यात झाली असती. चाळीस टिचक्यांनंतर दादांनी मला पुसलं आणि खिशात घातलं. मी पास झालो होतो.

मित्रांनो, त्या टेबलाशी मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! घरात दहा शब्द बोलणारे दादा खेळात झाले सरदार घडघडे. मोडकी तलवार, फाटका झगा आणि तोंडाची टकळी अशी की शत्रू कंटाळून शरण यावा. "अरे दुष्टा, माझ्या पणजोबांच्या पणजोबांनी या डोंगराला वाट विचारली होती, तेव्हा डोंगर बाजूला सरकला होता!" असं म्हणून दादा मला टाकायचे. दान पडायचं तीन. डोंगर जागचा हलायचा नाही आणि सगळे पोट धरून हसायचे. काकासुद्धा. पण हसू आलं की तो मान खिडकीकडे वळवायचा.

टिकली झाली ठकूबाई, ऐंशी वर्षांची दरोडेखोर म्हातारी. तिच्या काठीचा धसका राजाच्या फौजेनेही घेतला होता. आणि काका झाला एकाक्ष नावाडी. त्याला एकच डोळा, आणि त्या डोळ्याचा कुणावरही विश्वास नाही. नदी ओलांडायची तर सरदाराला त्याच्याशी बोलावंच लागे.

"नावाडीबुवा, पलीकडे सोडता का?"

"आधी तोंड बंद ठेवायची शपथ घ्या, सरदार."

तुमच्या लक्षात आलं का? दादा आणि काका एकमेकांशी बोलत होते! खेळ संपून मी माझ्या डबीत गेलो की पुन्हा "टिकले, त्यांना सांग" सुरू. पण रविवारी दुपारचे तीन तास सरदार आणि नावाडी भांडत, एकमेकांना पुरातून ओढून काढत आणि एका घोंगडीखाली झोपत. असं वर्षभर चाललं. माझ्या कडा त्यांच्या तळहातांनी गुळगुळीत झाल्या.

मग तो रविवार आला.

गोष्टीत पूर येणार होता. गावासाठी होड्या आणायला नावाडी दूरच्या तळ्याकडे गेला होता. इकडे ठकूबाई एका जुन्या खाणीत शिरल्या आणि दरड कोसळून आत अडकल्या. सरदार घडघडे बाहेर उभे. दगडांच्या फटीतून बोलायचं म्हणून टिकलीने म्हातारीचा कापरा आवाज काढला.

"सरदार, नावाड्याला कळवू नका हो. उगीच काम अर्धवट टाकून धावत येईल."

पोरीला काहीच ठाऊक नव्हतं. आजी गेली तेव्हा ती केवढीशी होती! पण काकाचा चहा ढवळणारा चमचा थांबला. वहिनींनी गोष्टीच्या वहीवरून मान वर केली. त्यांचा चेहरा मी पाहिला. हे त्यांच्या वहीत नव्हतं.

दादांनी मला उचललं.

"सरदार काय म्हणतात, बाबा?" टिकलीने विचारलं.

दादा बोलले, पण सरदाराच्या आवाजात नाही. त्यांच्या स्वतःच्या आवाजात.

"नाही, ठकूबाई. कळवायचंच. तुम्ही नको म्हणालात तरी कळवायचं. मागे एकदा मी असंच ऐकलं होतं. जिनं सांगितलं तिचा विचार केला, पण ज्याला कळायला हवं होतं त्याचा नाही केला. यायचं की नाही, ते त्याला ठरवू द्यायला हवं होतं. चुकलं माझं."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "सरदारांनी निरोप देऊन घोडेस्वार धाडला. वाट अवघड आहे. अकरा किंवा वरचं दान पडलं तर निरोप पोचेल."

दादांनी मला टाकलं. मित्रांनो, आयुष्यात कधी नव्हे ते मला वाटलं की आपल्याला हातपाय असायला हवे होते. मी नकाशावरून घरंगळलो, चहाच्या कपाला धडकलो. सतरा वर येता येता कलंडला. आणि मी थांबलो.

दोन.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मला पटकन उचलून काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण नकाशे काढणारी बाई ती. असलेली नदी पुसायची नाही, हा तिचा धर्म.

"दोन," त्या म्हणाल्या. "घोडेस्वार घाटात अडकला. निरोप पोचला नाही."

"आई, पुन्हा टाकू दे ना बाबांना!"

"नाही. पडलं ते दान खरं."

काकाने बोटाने मला किंचित हलवलं आणि पुन्हा होतं तसं ठेवलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "नावाड्याला निरोप नाही पोचला." मग त्याने सरळ दादांकडे पाहिलं. "मला पोचला, दादा."

दादांनी चष्मा काढला. रुमाल सापडेना, म्हणून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

"चहा गार झाला तुझा," ते शेवटी म्हणाले.

"मग दुसरा करू या. चल."

दोघं उठून स्वयंपाकघरात गेले. आधी नुसता भांड्यांचा आवाज आला. मग काकाचा आवाज आला. आई शेवटी काय काय बोलली, ते तो विचारत होता. दादा सांगू लागले. सहा वर्षांचे साठलेले शब्द होते ते, लवकर कसे संपणार?

"आणि माझं काय?" टिकली ओरडली. "मी अजून खाणीतच आहे!"

"आज तिथेच बस, ठकूबाई," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "तुला काही होत नाही."

पुढच्या रविवारी ठकूबाईंनी काठीच्या एका फटक्यात दरड फोडली. मी एकोणीस दिले. निदान तेवढं तरी माझ्या हातून नीट झालं.

पण त्यानंतर माझे दिवस फिरले. खेळ मांडला की दोघं भाऊ गप्पांत रंगायचे. काकाला एकदा लिफ्टच्या खड्ड्यात एक कवळी सापडली. त्याने ती टेबलावर ठेवताच दादा म्हणाले, "ही माझीच. बँडमधल्या तुतारीवाल्यांची. शिंकले असणार." मग काका तुतारीवाल्यांची नक्कल करू लागला, दादा त्याच्या चुका काढू लागले आणि राजाची फौज नदीकाठी तशीच ताटकळत राहिली. वहिनी वैतागायच्या. "खेळायचंय की नुसत्या गप्पा मारायच्यात?" हळूहळू खेळच थांबला आणि मी टेबलाच्या खणात गेलो. सुटी बटणं, रबरं आणि एक बंद पडलेलं घड्याळ माझे शेजारी झाले.

खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मला वाईट वाटलं. ज्या घरासाठी मी घडलो, त्याला माझी आठवण राहिली नाही, असं वाटायचं. पण खणात सगळं ऐकू यायचं. लिफ्ट चांगली की जिना, यावर दोघं भाऊ तावातावाने भांडायचे आणि मध्ये कुणाला "त्यांना सांग" म्हणायचे नाहीत. ते ऐकता ऐकता मला छान झोप लागायची. अशी बरीच वर्षं गेली. टिकली शिकायला परगावी गेली. जाताना काकाने तिला बजावलं, "सर्दी झाली तरी कळवायचं." ती खरंच कळवते. फोनवर तिची प्रत्येक शिंक घरभर ऐकू येते.

परवा वहिनींनी खण उघडला. त्या आता निवृत्त झाल्या आहेत आणि रविवारी शेजारच्या मुलांना खेळ शिकवायचं त्यांनी ठरवलं आहे. घड्याळाच्या घासण्याने माझा चौदाचा कोपरा थोडा उडाला होता. दादांनी भिंग लावून पाहिलं, गुलाबी मसाल्याचा थेंब लावला आणि मला पुन्हा ब्रशवर धरलं. मिठाच्या पाण्यातली परीक्षाही पुन्हा द्यावी लागली. मी पुन्हा पास झालो.

म्हणून तर मित्रांनो, आज मी तुमच्यासमोर या टेबलावर आहे. वहिनी नकाशा आणायला आत गेल्या आहेत, तोवर दोन गोष्टी सांगून घेतो. मला उन्हात किंवा गरम पाण्यात टाकू नका, माझा आकार बिघडेल. खेळ झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. आणि लहान दान पडलं तर रागाने मला भिंतीवर आपटू नका. आकडा दाखवणं एवढंच मला जमतं. तो पाहून एकमेकांशी काय बोलायचं, ते तुमच्याच तोंडात आहे, आणि तुमचे दात तर अजून स्वतःचे आहेत!

बरं, तुमच्यात सगळ्यात लाजरं कोण आहे? घ्या मला हातात. पहिलं दान तुमचं.