शुक्रवारी अडकलेली लिफ्ट

मी एक जुनी लिफ्ट आहे आणि एक अख्खी कचेरी मी एकटीने वाचवली आहे. हसा खुशाल! यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, कारखान्यातून मी सुट्या भागांत आले. मिस्त्र्यांनी मला या पाच मजली इमारतीत जोडलं, आरसा बसवला आणि तेव्हापासून माझी जी धावपळ सुरू झाली, ती विचारू नका. सगळ्यात वर नकाशे काढणाऱ्यांची कचेरी, खालचे मजले त्यांच्याच जुन्या नकाशांनी भरलेले. सकाळी सुजलेल्या डोळ्यांची माणसं वर न्यायची, संध्याकाळी तीच पिळून काढलेली खाली आणायची. "किती पळते बिचारी!" कुणी म्हणालं, की मी फुगून जायचे.

मग मालकीणबाईंनी जाहीर केलं, की आठवड्याला चारच दिवस काम. शुक्रवारी कचेरी बंद, बाकीचे दिवस आपापल्या सोयीने या. पण शुक्रवारी कुणी लपूनछपून आलं, तर चार दिवस पुरत नाहीत असं समजून पुन्हा पहिल्यासारखं!

गच्चीवरच्या एसीची धडधड थांबली. आवारातल्या मोटारी घटल्या, झाडाच्या पानांवर काजळी धरेना. माणसं माझ्या आरशात बघून शीळ घालू लागली. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. शुक्रवारी दिवसभर नुसतं लटकायचं? दोर शिवशिवत, दार उगाच कुरकुरे.

कचेरीतल्या एका नकाशेवाल्या ताईंना मात्र शुक्रवार जिवापाड प्रिय. अर्धांगवायूतून सावरणारे त्यांचे बाबा त्या दिवशी लेकीचा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालायचे.

एका शुक्रवारी कचेरीतलेच घाईकाका ताईंना घेऊन चोरपावलांनी आले. सगळ्यांच्या आधी काम उरकायचं, म्हणून त्यांचं हे नाव.

"काका, कुणी बघितलं तर?"

"अगं, बाकीचे घरून गुपचूप करतच असतील! आपणच आळशी ठरू. तासभर बसू, चल."

ताईंनी घरी फोन लावला. "बाबा, बूट काढा. आज नाही जमत."

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं! दोघांना आत घेतलं, दार लावलं आणि दोन मजल्यांच्या मधे घट्ट रुतून बसले. काकांनी बटणं बडवली. मी ढिम्म. पुन्हा येणार नाही म्हणून त्यांनी कान पकडले, तेव्हा कुठे मी खाली उतरले. त्यानंतर शुक्रवारी कुणी फिरकलं नाही आणि चार दिवसांचा आठवडा कायमचा झाला.

तेव्हा मित्रांनो, माणसांना विसावा द्या, यंत्रांनाही द्या आणि माझ्यासारख्या शूर...

"थापाडे!" शेजारचा जिना खेकसला. "शुक्रवारी इमारतीची वीजच बंद असते, तू काय कपाळ अडकणार? दोघं माझ्यावरून चढत होती. तिसऱ्या मजल्यावर ताईंचा फोन वाजला. बाबा म्हणाले, 'बूट कशाला काढू? एकटाच उतरलोय खाली. फाटक धरून उभा आहे, लवकर ये!' ताई ज्या सुटल्या, माझ्या पायऱ्या अजून ठणकतायत! आणि त्यांच्यामागे काका. घाईने घरी जाणारे काका मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले."