मागच्या बाजूचं माप

मी एक जुना रस्त्यांचा नकाशा आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर जन्मापासूनच भित्रा आहे. फाटण्याची भीती नाही हो. लोक माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, त्याची भीती.

छापखान्यात माझ्या पुढच्या बाजूवर एका देशाचा सपाट, शहरांचा भाग छापला आणि मागे डोंगराळ मुलूख. मुलूख अवाढव्य, कागद तेवढाच. म्हणून मागचं माप लहान केलं. पुढे एक बोट अंतर म्हणजे दहा किलोमीटर, मागे तेच बोट म्हणजे तीस. हे कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं आहे. ती अक्षरं कोण वाचणार, ही मला तेव्हापासूनची धास्ती.

पुढे मी पुस्तकांच्या दुकानात आलो. तिथे चिमी नावाच्या एका लहान मुलीचे आईबाबा आले. परदेशात भाड्याच्या गाडीने फिरायचं, म्हणून त्यांनी चार नकाशे पसरले. एकात पेट्रोलपंपच दाखवले नव्हते, दुसऱ्यात घाटरस्ते गायब, तिसरा उलगडतानाच फाटला. मी पसंत पडलो.

"वापरायच्या आधी कोपरे वाचा बरं का," दुकानदार म्हणाला.

"वाचू की," म्हणत आईने मला पर्समध्ये कोंबलं.

प्रवासात बाबा गाडी चालवत, आई मला मांडीवर घेऊन बोटाने अंतर मोजी. चार दिवस माझं कौतुक चाललं होतं. पाचव्या दिवशी डोंगर लागले आणि तिने मला उलटं केलं. कोपरा वाचला नाही. मी भीतीने गारठलो.

एक पंप दिसला. "अगं, इथे भरून घेऊ का?" बाबांनी विचारलं.

"दोनच बोटं राहिलीत. वीस किलोमीटर. पुढच्या गावात भरू."

साठ होते, मित्रांनो! मला ओरडावंसं वाटत होतं. घाटात वळणामागून वळण येत होतं, धुकं उतरत होतं, पेट्रोलचा काटा लाल रेघेखाली गेला होता. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली. आजूबाजूला घर नाही, दिवा नाही. मागे चार वर्षांची चिमी झोपली होती आणि थंडीने तिचे ओठ निळसर पडू लागले होते. बाबांनी तिच्यावर स्वतःचा कोट घातला.

"नकाशाच खोटा आहे!" ते ओरडले.

आईने मला डोळ्यांजवळ धरलं. आता तिने कोपरा वाचला. मग घाईने माझी घडी घालून मला पर्समध्ये ठेवलं.

दोन तासांनी लाकडं नेणारा एक ट्रक आला आणि त्याच्या ड्रायव्हरने गाडी ओढत गावात नेली. घरी आल्यावर आईने मला कपाटात, साड्यांच्या तळाशी ठेवलं. तिला मला फेकवलं नाही, आणि खरं सांगवलंही नाही. खोटा म्हणून मी तिथे पंचवीस वर्षं पडून होतो.

काल चिमीने मला बाहेर काढलं. तिला त्याच देशात जायचं आहे, तान्ह्या बाळाला घेऊन. "डोंगरात फोन चालत नाही, असू दे हा," म्हणत तिने मला जेवणाच्या टेबलावर उलटं पसरलं आणि अगदी आईसारखंच बोट टेकवलं. मला घाम फुटला.

"तो घेऊ नकोस, खोटा आहे," बाबा खुर्चीतून म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"खोटा नाही गं तो," ती म्हणाली. "मागच्या बाजूचं माप वेगळं आहे. मी पुढच्याच हिशेबाने मोजलं. अहो, त्या दिवशी चूक माझी होती."

बाबा खुर्चीतून उठून टेबलापाशी आले. चिमीने बोट उचललं आणि कोपरा वाचायला घेतला.

मित्रांनो, जुना नकाशा जपून ठेवा. पण कुणाच्या हाती देताना, त्यावरून जाताना तुमचं काय चुकलं होतं, तेही सांगा. आम्हाला तोंड नसतं हो.