खिळ्यांचे टायर

रौनोने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बर्फात गुडघा टेकून त्या हिरव्या सायकलच्या पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला. रबर मऊ होतं, थंडीतही मऊ राहणारं. खाचा खोल होत्या. मडगार्ड चाकापासून चांगला बोटभर वर, म्हणजे ओला बर्फ आत अडकून चाक जाम होणार नाही. त्याने चाक थोडं पुढे ढकललं, पुन्हा अंगठा फिरवला आणि थांबला. बर्फात रुतून पकड घेणारे धातूचे खिळे नव्हते. पुढच्या टायरला नव्हते, मागच्यालाही नव्हते.

कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

"अहो, बाहेर काय थांबलात? वर यायचं ना!"

सान्तेरी कचऱ्याची पिशवी घेऊन जिन्याच्या दारात उभा होता. पायांत सपाता, अंगात नुसता स्वेटर. रौनोच्या आधीच्या बायकोशी, मार्युतशी, लग्न करून तो तुर्कूहून इथे उत्तरेला औलूला येऊन वर्ष झालं होतं, पण थंडीत बाहेर पडायचं कसं हे त्याला अजून कळत नव्हतं.

"हेल्का येते आहे. एक बूट सापडत नाही तिचा. तेवढ्यात कॉफी घेता?"

"नको."

"सायकल कशी वाटली? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो. आमच्याकडे तिकडे दक्षिणेला हिवाळा म्हणजे नुसता चिखल. दुकानदार म्हणाला, हे खास हिवाळी टायर आहेत."

रौनो उठला. गुडघ्याचा बर्फ त्याने झटकला, मग हातमोजा चढवला, एकेक बोट नीट बसवत. एक वाक्य पुरलं असतं.

"हिवाळी आहेत," तो म्हणाला. "चांगले आहेत."

ते काही खोटं नव्हतं. कोरडा, दाबून घट्ट झालेला बर्फ असला की त्या टायरवर नदीपलीकडच्या शाळेपर्यंत कुणीही आरामात जाईल. निम्मं औलू तसंच जात होतं. प्रश्न यायचा तो पावसाचा. हिवाळ्यात एखाद्या सकाळी पारा मध्येच वर चढतो, गोठलेल्या रस्त्यावर पाऊस पडतो आणि सगळं शहर काचेचं होतं. तेव्हा खिळेच लागतात. हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

हेल्का जिना उतरून आली. चौदा वर्षांची, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. एक आठवडा ती आईकडे राहायची, एक आठवडा बापाकडे, रौनोकडे. तिने जाता जाता हिरव्या सायकलच्या सीटवर थाप मारली, जशी कुत्र्याच्या पाठीवर मारावी, आणि सान्तेरीला म्हणाली, "आत जा रे, गोठशील." रौनोने तिची पिशवी खांद्यावर घेतली. ती थाप त्याला दिसली होती.

त्याच्या इमारतीच्या तळघरात निळी सायकल उभी होती. हेल्काला नव्या शाळेत प्रवेश मिळाला तेव्हाच, मेमध्ये, त्याने ती करायला घेतली. जुनी पण दणकट चौकट मिळवली, खरवडली, रंगवली. गिअर मागच्या चाकाच्या पोटात बंद असलेले घेतले, म्हणजे मीठ आणि चिखल आत जाणार नाही. टायरवर तर तो आठवडाभर विचार करत होता. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खालच्या टणक थराला जाऊन भिडतो. हेल्काचा रस्ता रोज सकाळी साफ केलेला असायचा, म्हणून त्याने अरुंद घेतले, दोन्ही चाकांना खिळ्यांचे. मग खिळे रबरात पक्के बसावेत म्हणून स्वतः ती एवढीशी सायकल नदीकाठाने हळूहळू चालवून आणली. लोक हसत होते. हेल्का तेव्हा तुर्कूला होती, सान्तेरीच्या आईवडिलांच्या बेटावरच्या घरी. अख्खा उन्हाळा.

पहिला बर्फ पडला की द्यायची असं त्याने ठरवलं होतं. पहिल्या बर्फाच्या चार दिवस आधी सान्तेरीने हिरवी आणली. तरी निळी त्याने दिलीच; त्याच्याकडच्या आठवड्यात हेल्का तिच्यावरून शाळेत जायची.

गुरुवारी त्याने वाटाण्याचं सूप केलं. हेल्काने चमचा बुडवला आणि टेबलावर इकडेतिकडे पाहिलं.

"मोहरीची पेस्ट?"

"संपली."

"बाबा, मोहरीशिवाय वाटाण्याचं सूप म्हणजे नुसतं चिखलाचं पाणी. सान्तेरी तर असली घालतो की डोळ्यांतून धारा! आई म्हणते, याला सूप नको, मोहरीच वाढा."

ती हसली. रौनोनेही तोंड हसरं केलं.

"निळी कशी चालते आहे?" त्याने विचारलं.

"छान."

"आणि हिरवी?"

हेल्काने पावाचा तुकडा मोडला. "तीपण छान."

"जास्त छान कुठली?"

"बाबा, हा काय प्रश्न आहे? तू आईला विचारायचास तसं विचारतोस."

त्याने पावाची टोपली तिच्याकडे सरकवली. मग त्याला राहवलं नाही. "त्या हिरवीला खिळे नाहीत, तुला माहीत आहे ना? बर्फावर पाऊस पडला तर ती काही कामाची नाही. त्या दिवशी तुला ही निळीच वाचवेल."

"मग सान्तेरीला सांगितलंस का?"

"सांगेन."

"तो लगेच बदलून आणेल."

"सांगतो म्हटलं ना."

त्याने सांगितलं नाही. पुढच्या शुक्रवारी हेल्का आईकडे गेली, आणि तळघरात निळीच्या शेजारून जाताना रौनोला वाटलं, पडू दे एकदा पाऊस. हेल्काने पडावं असं त्याच्या मनात नव्हतं, मुळीच नाही. एखादी सकाळ अशी यावी की ती दारात थबकेल, घसरगुंडी झालेला रस्ता बघेल, आणि त्या माणसाला कळेल की नुसती सायकल आणून बाप होता येत नाही. एवढंच. यापुढे तो स्वतःला विचार करू देत नसे.

मंगळवारी पाऊस पडला. रौनो अंधार असतानाच कामाला निघाला होता. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्याची सकाळची पाळी असायची. खिडकीच्या काचेवर पाणी वाजत होतं, आणि नळ्या धुताना त्याने दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला. तिसऱ्यांदा फोन आपणहून वाजला. मार्युत होती.

"हेल्का पडली. पुलाखालच्या बोगद्याच्या वळणावर. शुद्धीत आहे, घाबरू नकोस. मनगट मोडलंय. आम्ही इस्पितळात आहोत."

तिथे पोचेपर्यंत भीतीचा राग झाला होता. रागाला निदान एक तोंड होतं, आणि ते तोंड व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं होतं. सान्तेरीची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती, हातात हेल्काचं हेल्मेट.

"एक खिळा नव्हता त्या टायरला!" रौनो म्हणाला. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने मान वर केली. "एकसुद्धा नाही! पोरीला असल्या सायकलवर पाठवता? इथे? या महिन्यात? माहीत नसेल तर विचारावं माणसाने. रंग बघून सायकल घेतात का?"

सान्तेरीने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्याचे ओठ हलले. मग त्याने नजर खाली, हेल्मेटकडे वळवली.

"खरं आहे," तो म्हणाला. "मी विचारायला हवं होतं."

रौनोच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. कित्येक महिने त्याला हेच ऐकायचं होतं. त्याला आणखी ऐकायचं होतं, पण खोलीचं दार उघडून मार्युत बाहेर आली.

"आवाज आतपर्यंत येतोय तुझा," ती म्हणाली. "जा. ती वाट बघते आहे. आणि तिच्यावर ओरडू नकोस."

हेल्का खाटेवर बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, हनुवटीवर पट्टी. त्याला पाहताच तिचा चेहरा रडवेला झाला.

"बाबा, सायकलला काही झालेलं नाही. फक्त थोडा रंग गेलाय."

"मरू दे ती सायकल. मी त्यालाही तेच सांगितलं. ती हिरवी..."

"हिरवी नव्हती, बाबा."

तो खाटेच्या कडेवर बसला.

"निळी होती. तू म्हणालास ना, पावसात निळीच ने. म्हणून सकाळी चालत तुझ्याकडे आले, तू गेला होतास. माझ्याकडे किल्ली आहेच." ती प्लास्टरची कड नखाने टोकरत होती. "घसरले नाही मी. खिळे एकदम घट्ट धरत होते, खरंच. पण वळताना गुडघा हँडलला अडकला. मधूनमधून अडकतो तो. नेहमी मी पाय बाहेर काढून वळते, आज घाईत विसरले."

"अडकतो?"

"लहान पडते ती मला. थोडीशीच. उन्हाळ्यात मी वाढले ना."

खिडकीबाहेर पाऊस तसाच पडत होता. रौनोने तिच्या पायांकडे पाहिलं. चादरीखालून पावलं खाटेच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचली होती.

"मला सांगायचंस."

"तू इतकी मन लावून केलीस. मग कसं सांगणार?" तिने सुं करून नाक ओढलं. "बाबा, सान्तेरीला काही बोलू नकोस हं. मी फोन केला तर तो बोगद्यापर्यंत अक्षरशः धावत आला. तीनदा आपटला. मला उचललं, आणि मी तिच्यासाठी रडत होते म्हणून सायकलपण सोडली नाही, तीही ओढत आणली. खाली उभी आहे बघ."

"म्हणजे त्याने बघितली. कुठली सायकल ते."

"म्हणजे काय, बाबा! त्यानेच तर माझा पाय तिच्यातून सोडवला."

रौनो बराच वेळ तिचा चांगला हात धरून बसला. मग बाहेर आला. सान्तेरी तिथेच होता. कुठल्याशा यंत्रातून त्याने दोन पेले कॉफी आणली होती आणि दुसऱ्या पेल्याचं काय करावं हे न कळून तो धरून उभा होता. रौनोने तो घेतला. कॉफी पाणचट होती. त्याने सगळी प्यायली.

माफी मागावी असं त्याला वाटत होतं, आणि त्याहून जास्त वाटत होतं की या माणसाला एक ठोसा मारावा. ओरडून घेतलं असतं त्याने, खरं सांगून मोकळा झाला असता, तर सोपं गेलं असतं. त्या टायरवरून आपण बर्फात गुडघा टेकून अंगठा फिरवला होता आणि त्याने विचारल्यावर "चांगले आहेत" म्हटलं होतं हे तर सान्तेरीला पक्कं आठवत असणार. त्याबद्दलही तो काही बोलला नव्हता.

"शनिवारी मोकळे आहात?" रौनोने विचारलं.

"आहे."

"हिरवीला खिळ्यांचे टायर घालू. मी येतो."

शनिवारी हवा पुन्हा कोरडी झाली होती. दुकानात रबराचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. दुकानदारीण आइनो आडदांड बाई होती, तिने हिरवी सायकल एका हाताने स्टँडवर चढवली.

"रुंद घालू का अरुंद?"

"रुंद असतात तेच बरे ना?" सान्तेरी म्हणाला. "जास्त जागा धरतील."

"उलट," रौनो म्हणाला. "रस्ता साफ केलेला असतो. रुंद टायर तिला नुसतेच जड होतील. आणि खिळ्यांचा रुंद टायर मडगार्डला घासेल." त्याने बोट चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये घालून दाखवलं. "मध्यम घ्या. हवा थोडी कमी ठेवायची."

सान्तेरीने वाकून पाहिलं. "हे मला कधी सुचलं नसतं," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. रौनोला ते नको होतं, तरी बरं वाटलं.

आइनोने टायर उतरवले, भिंतीवरून नवे काढले, चढवले. खिळे दिव्याखाली चमकत होते. मग ती सीटजवळ आली.

"सीट पण लावून देते नीट. हात बरा झाला की लगेच चालवता येईल. मुलीची उंची किती?"

रौनोने तोंड उघडलं. जिभेवर आकडा होता, मे महिन्यातला. तो त्याने गिळला.

आइनो एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली.

"नक्की नाही सांगता येणार," सान्तेरी म्हणाला. तो खिशात उगाच काहीतरी शोधायला लागला. "घरी जाऊन मोजून कळवू आम्ही. काय हो, रौनो?"

रौनोने हिरव्या सायकलकडे पाहिलं. चौकट हेल्काला अगदी बरोबर होती. न मोजता अशी सायकल कुणी आणत नाही. तुर्कूच्या त्या घरात, कुठल्या तरी दाराच्या चौकटीला पाठ लावून ती उभी राहिली असेल, हसत, टाचा चोरून वर करत, आणि हा तिला म्हणाला असेल, खाली टेक, खाली टेक. रौनो सान्तेरीकडे वळला.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला. "सांग तिला."

सान्तेरीचा हात खिशातच थांबला. मग त्याने आकडा सांगितला, हळू आवाजात. आइनोने पाना उचलला आणि सीट वर घेतली, आणखी थोडी वर घेतली, आणि रौनो ती कुठवर जाते ते बघत उभा राहिला.