थांबवण्याचे कारण

तराजूच्या पेल्यावरच्या झाकणाच्या मधल्या भोकातून मडचा एक थेंब वर आला, फुगला, आणि कडेला ओघळायच्या आत कान्हा घरतने तो अंगठ्याने पुसून घेतला. करडा, गुळगुळीत, थंड थेंब... अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून त्याने तो क्षणभर चोळला, सव्वीस वर्षं चोळत आला होता तसाच, आणि मग तो लहानसा तराजू टेबलावर ठेवून दांडीवरचं वजन सरकवत सरकवत जागेवर आणलं. दहा पूर्णांक चार.

"काका, स्क्रीनवर तेच आलंय ना," यंत्राची तरुण इंजिनियर ऋता म्हणाली. तिच्या आवाजात चिडणं नव्हतं, घाई होती.

"असू दे मॅडम. हाताची सवय."

तेलविहीर खोदताना जमिनीच्या पोटातला वायू उसळून वर येऊ नये म्हणून वरून सतत एक जड चिखल सोडत राहावा लागतो. समुद्रावरच्या माणसांच्या तोंडी त्याचं नाव मड. तो किती जड झाला हे सांगणारा हा तराजू कान्हाने आज घरून पिशवीत घालून आणला होता. कुणी सांगितलं नव्हतं. तळोज्याच्या या शेडमध्ये त्याच्यासमोर जे यंत्र उभं होतं त्याला तराजू लागत नव्हता, अंगठा तर नव्हताच नव्हता. यंत्राचा हात गोण उचलायचा, पात्यावर धरायचा, गोण फाटून पावडर आत पडायची, उडालेली धूळ नळकांडं ओढून घ्यायचं, आणि रिकामी गोण पलीकडे दाबून तिचा चपटा गठ्ठा व्हायचा. या सगळ्यात एक माणूस कुठेतरी असायला हवा होता — डावीकडे, पावडर ओतायच्या हॉपरच्या तोंडाशी, कमरेत वाकलेला, पापण्यांवर पांढरी पूड बसलेला — आणि तिथे नुसती मोकळी जागा होती, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली. त्या जागेकडे कान्हा सकाळपासून चार वेळा बघून आला होता. मीच तिथे होतो, असं कुणाला सांगायचं म्हटलं तर कुणाला सांगणार?

दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला आणि त्याला जमिनीवर आणलं. जमिनीवर म्हणजे बेलापूरच्या ऑफिसात एका खुर्चीवर. आज मात्र त्याला काम होतं: यंत्र समुद्रावर धाडण्याआधीची ही शेवटची चाचणी, आणि तिच्या कागदावर एका अनुभवी माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी होती... मिश्रण चालू असताना खोलीत माणसाने थांबण्याची आवश्यकता नाही, असं मी पाहिलं आहे. एवढंच वाक्य. इंग्रजीत होतं, पण ऋताने त्याला नीट समजावून सांगितलं होतं, दोनदा.

माणसाची आवश्यकता नाही. सकाळी निघताना काशीही साधारण तेच म्हणाली होती, तिच्या मनात तसं काही नसताना. "सांजच्याला मी नाय घरी. मंडलाचा भजन हाय. भात झाकून ठेवलाय." आणि पदर खोचून ती पुन्हा फोनवर हसायला लागली होती. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी — सव्वीस वर्षं त्या हिशेबात काशीने नवऱ्यावाचून जगायचं एक सबंध आयुष्य उभं केलं होतं. तिच्या मैत्रिणी, तिची भजनं, द्रोणागिरीच्या सोसायटीतली तिची खालची बाकावरची जागा. तो चौदा दिवसांचा पाहुणा होता तोवर त्याला ताजी निवटी मासळी मिळायची, गरम भाकरी मिळायची. आता पाहुण्याचा मुक्काम लांबला होता. ती वाईट वागत नव्हती. त्याच्यासाठी आयुष्यातून जागा काढायची कशी, ते तिला कळत नव्हतं, आणि मागायची कशी ते त्याला.

"आणि हे कास्टिकचं," ऋता कास्टिक सोड्याच्या बंद स्टीलच्या कपाटापाशी थांबली. "माझं सगळ्यात आवडतं. पाणी पूर्ण भरल्याशिवाय कास्टिक सुटतच नाही. कुणी जबरदस्ती केली तरी नाही. आणि सगळं बंद... उडायचा प्रश्नच नाही. काका, तुमच्या वेळी कुणाला भाजलं होतं का हो?"

"एकाचा डोळा गेला," कान्हा म्हणाला. "चष्मा कपाळावर सरकवून काम करत होता."

वाक्य तयारच होतं. सुरक्षेच्या वर्गात नव्या पोरांसमोर त्याने ते कितीदा म्हटलं होतं. दरवेळी दोघंतिघं नकळत आपल्या चष्म्याला हात लावायचे, आणि कान्हाला वाटायचं, खोटं कुठे बोलतोय मी? चष्मा कपाळावर होताच.

चाचणी साडेअकराला सुरू झाली. ऋता स्क्रीनपाशी, तिचे दोन सहकारी पंपापाशी, आणि कान्हा टाकीच्या जाड काचेच्या खिडकीपाशी, कारण तिथून मड दिसत होता. पाणी भरलं, कास्टिक गेलं, जड पावडर गेली. मग पॉलिमरची पाळी आली, मडला दाटपणा देणारी पांढरी भुकटी. ही घाईने टाकली की वरून ओली, आतून कोरडी अशी गोळी धरते, आणि त्या गोळ्या मडवर तरंगत वर बघत राहतात. त्यांना समुद्रातल्या रिगवर माशाचे डोळे म्हणतात. उरणचा म्हणून त्या शब्दावर सगळे कान्हाला चिडवायचे. पण डोळे ओळखावेत तर कान्हानेच, असंही म्हणायचे. खालून टूलपुशर, म्हणजे रिगचा मुकादम, हाक मारायचा, कान्हाला बोलवा रे... आणि तो नुसता वाकून बघायचा, आवाज ऐकायचा, बोटं चोळायचा, आणि सांगायचा.

आणि त्याला ते दिसले. काचेपलीकडे, पात्याच्या भोवऱ्याच्या कडेला — एक, दोन, मग झुबका. फिकट, गोल, फिरत फिरत काचेपाशी येणारे. स्क्रीन हिरवा होता. ऋता काहीतरी हसून बोलत होती. त्याच्या छातीत जे उसळलं ती भीती नव्हती, आनंद होता. लाज वाटावी इतका निखळ आनंद... दिसलं, मला दिसलं, यंत्राला नाही दिसलं. दोन पावलांवर लाल बटण होतं. त्याने तळव्याने ते दाबलं.

सगळं थांबलं. शेडमध्ये एवढी शांतता होती हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

"काय झालं काका?"

"डोळे धरलेत. पॉलिमर नीट भिजलं नाय. बघा, काढून बघा."

त्यांनी काढून बघितलं. खालच्या नळातून बादलीभर मड घेतला, जाळीवर ओतला, पाणी मारलं. जाळी कोरी. पुन्हा वरून घेतला, पुन्हा ओतला. पंपापाशीच्या एका पोराने जाळी उलटी करून आपटली. काही नाही. ऋताने खिडकीला डोळा लावला आणि हळूच म्हणाली, "काका, फेस आहे. बुडबुडे आहेत हो." आणि खरंच, थांबलेल्या मडवर ते फिकट गोल आता एकेक करून फुटत होते. त्याने स्वतः हात घातला, एक बोटांत धरला — हवा. बोटांत नुसता गुळगुळीत, एकसारखा, उत्तम मड. असा मड त्याने आयुष्यात फार वेळा बनवला नव्हता.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. ऋताने त्याला खुर्ची दिली. पाणी आणून दिलं. "होतं काका. काचेतून तसंच दिसतं," म्हणाली. तिच्या घरी कुणी म्हातारं माणूस असणार, जिना उतरताना ती त्याचा हात धरत असणार, हे त्याला त्या क्षणी स्पष्ट कळलं.

यंत्र पुन्हा सुरू करायचं तर आधी नोंद पुरी व्हायला हवी होती. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. प्रत्येक ओळीला वेळ होती, सेकंदासकट. पाणी सुरू. पाणी पूर्ण. कास्टिक, पहिलं माप. कास्टिक, दुसरं माप... कुणी काय केलं, कशाच्या आधी केलं, कशाच्या नंतर. आणि शेवटची ओळ: हाताने थांबवले, के. घरत. थांबवण्याचे कारण — आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

तो त्या ओळींकडे बघत राहिला, आणि पाणी पूर्ण या शब्दांपाशी त्याची नजर अडकली ती अडकलीच.

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची अशी नोंद असती तर पहिली ओळ कास्टिकची असती. पाणी नंतर. ड्रममध्ये आधी पाणी, मग थोडं थोडं कास्टिक — हे रिगवरच्या त्याच्या जोडीदाराने, विलास साळवीनेच, त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, चिपळूणच्या त्याच्या हेलात, "उलट केलंस तर उकळी फुटते, कान्या." पण त्या दिवशी वरून घाई होती, विलास पाण्याची नळी आणायला गेला होता, आणि वेळ वाचावा म्हणून कान्हाने पोतं फाडून कोरड्या ड्रममध्ये ओतलं. विलास नळी घेऊन आला. चष्म्यावर वाफ धरली होती म्हणून त्याने तो कपाळावर चढवला. पंपांच्या गोंगाटात ओरडून विचारलं, "रिकामा आहे ना?" आणि कान्हाने... मी मान हलवली. ऐकू आलं होतं का मला? अर्धं आलं होतं. 'आहे ना' आलं होतं. पुन्हा विचारायला दोन सेकंद लागली असती. मान हलवायला काही लागत नाही. विलासने ड्रममध्ये नळी सोडली, आणि उकळी उसळून त्याच्या तोंडावर आली.

चौकशीत विचारलं, चष्मा होता का. नव्हता. आधी काय टाकलं हे कुणी विचारलंच नाही. इस्पितळात विलासने एकदाच विचारलं, पट्टीखालून, दुसरा डोळा त्याच्यावर रोखून: "मी विचारलं होतं ना रे तुला?" आणि कान्हा म्हणाला, "आवाजात ऐकू आलं नाय." विलासने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "हं." त्या 'हं'नंतर त्यांच्यात बोलणं असं राहिलंच नाही. विलासला किनाऱ्यावरच्या गोदामात काम मिळालं, पुढे त्याने ते सोडलं. कामोठ्याला घर घेतल्याचं कुणाकडून तरी कळलं. दिवाळीला कान्हा संदेश पाठवायचा. उत्तर यायचं. हात जोडलेलं चित्र.

"काका, रिकामं सोडता येत नाही," ऋता म्हणाली. "मी 'खबरदारी म्हणून' लिहू? ते चांगलं दिसतं."

"नको."

"मग?"

"लिहा, माझी चूक." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "बघण्यात चूक झाली, असं लिहा."

"एवढं कुणी लिहीत नाही काका. उगाच तुमच्या नावावर..."

"लिवा मॅडम. झाली हाय."

तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि टाइप केलं. चार-पाच शब्द. एंटर दाबलं, ओळ वर सरकली, तिच्याखाली नवी ओळ आली, यंत्र सुरू झालं. एवढंच. आकाश कोसळलं नाही, कुणी मान वर करून बघितलंही नाही. आपण अठरा वर्षं ज्या शब्दांना घाबरत होतो ते उच्चारायला जेमतेम एक श्वास पुरतो, हे कळून त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट कुणीतरी पोटात गोण ठेवावी तसं झालं. कारण ते शब्द चुकीच्या जागी खर्च झाले होते, चार बुडबुड्यांसाठी.

जेवण त्याने कॅन्टीनच्या कोपऱ्यात एकट्याने उरकलं. तीन वाजता सही केली. खोलीत माणसाची आवश्यकता नाही, हे आता तो शपथेवर सांगू शकत होता. असं यंत्र तेव्हा असतं तर विलासचे दोन डोळे असते. आणि मी? मी तिथे नसतोच. मान हलवायला कुणी नसतंच.

साडेपाचला कंपनीची बस निघाली. मागच्या सीटवर तो एकटाच होता. रस्त्याला ट्रेलरची रांग लागली होती, कंटेनर मुंगीच्या चालीने सरकत होते. त्याने फोन काढला, नाव शोधलं, आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून लगेच लावला.

उचलला एका मुलीने. "हॅलो? बाबा खाली बागेत गेलेत, फोन घरीच ठेवून जातात. कोण बोलतंय?"

"मी कान्हा घरत. रिगवर होतो, बाबांबरोबर. तू उत्कर्षा ना?"

"घरतकाका! अय्या... बाबा सांगतात तुमच्याबद्दल."

"काय सांगतात?"

"तुम्हाला म्हणे नुसती बोटं चोळून मड कळायचा. मशीनसारखा." ती हसली. "काही निरोप देऊ का?"

बसच्या खिडकीची काच थरथरत होती. त्याने त्यावर कपाळ टेकलं. अठरा वर्षांत विलासने घरात त्याच्याबद्दल काय सांगितलं असेल याचे त्याने नाना तर्क केले होते. हे त्यात नव्हतं.

"निरोप नको, बाळा. मी... येतो. बाबांना एक सांगायचंय."

"आत्ता? या ना. कुठपर्यंत आलात?"

"कलंबोली," तो म्हणाला, लहानपणीचाच उच्चार तोंडून निघून गेला.

"मग जवळच आहात. मी बाबांना खालून बोलावते. चहा ठेवते."

फोन बंद झाला. कामोठ्याला उतरायचं तर ड्रायव्हरला आत्ताच सांगायला हवं होतं. न सांगता बसून राहिलं तर बस बेलापूरला जाणार होती, तिथून उरणची गाडी, मग कुलूप लावलेलं घर, झाकलेला भात. अजून दोन्ही जमण्यासारखं होतं. विलास ऐकून घेईल की दार लावेल, की पुन्हा नुसता 'हं' म्हणेल... की त्याला सगळं आधीच माहीत असेल, आणि तो इतकी वर्षं कान्हाच्याच तोंडून यायची वाट बघत असेल? त्याला काहीच कळत नव्हतं. पण इतक्या वर्षांत जे पोटात नुसतंच बसून होतं त्याला कुठे जायचं ते माहीत नव्हतं. आणि आज, या क्षणी, कामोठ्याच्या कुठल्याशा इमारतीत एक मुलगी जिना उतरत बाबांना सांगायला निघाली होती की घरतकाका येतायत, त्यांना काहीतरी सांगायचंय. म्हणजे ते आता त्याच्या एकट्याचं राहिलं नव्हतं. अर्धं पोचलंसुद्धा होतं.

तो सीटच्या कडेला सरकून बसला आणि पुढे ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत राहिला.