साठमची बदकं आणि गंगाधररावांचे मासे

"अहो, बदकं जांभळी झाली," मालिनीबाई डोळे पुसत म्हणाल्या.

गंगाधररावांनी पेपर खाली घेतला. "कुणाची?"

"साठमची. कादंबरीतला हो. कारखान्याचं घाण पाणी तळ्यात सोडतात ना, तर मंत्री बघायला येणार म्हणून हा भाड्यानं पांढरीशुभ्र बदकं आणतो. ती पोहून बाहेर येतात तर..." पुढचं त्यांना बोलवेना. दातांत धरलेली पेन्सिल मांडीवर पडली, तरी खांदे हलतच राहिले.

"हं," म्हणून गंगाधररावांनी पेपर पुन्हा वर घेतला. पण आता त्यातलं एक अक्षर त्यांना दिसत नव्हतं.

मालिनीबाईंचं लग्न बारावीनंतर झालं. लेक अपूर्वा नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि घर फारच शांत झालं, तेव्हा त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. फॉर्म आणायला गंगाधररावच गेले होते, मोठ्या कौतुकानं. बायको संतवाङ्मय वगैरे वाचेल असं त्यांना वाटलं होतं. अभ्यासाला निघाला साठम. मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून कंपनीला हवा तसा कायदा वाकवून आणणारा, तोंडावरचं हसू कधी न उतरवणारा. कंपनीच्या नीतिमूल्य समितीचा अध्यक्षही तोच.

आणि गंगाधरराव? ते आयुष्यभर दुसरं काय करत होते? सातपूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होते ते. कुठल्या साहेबाला द्राक्षांची पेटी पाठवायची आणि कुणाच्या मुलीच्या लग्नाला स्वतः जाऊन उभं राहायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. माशांची गोष्ट तर नात्यागोत्यात गाजलेली. तपासणीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी कारखान्यातली सांडपाण्याची टाकी उपसून टाकली, त्यात टँकरचं पाणी भरलं, आणि जन्मात मासळीला न शिवलेले गंगाधरराव गंगापूर धरणावरच्या कोळ्यांकडून जिवंत मासे घेऊन आले. साहेब म्हणाले, "वा, इथे तर मासेसुद्धा जगतात." इथे लग्नाची अख्खी पंगत हसायची. मालिनीबाई तेवढ्या चहाचं बघायला आत जायच्या.

नवऱ्यानं एखाद्या पुरुषावर जळावं तर त्या पुरुषाला निदान हातपाय असावेत. साठमला नुसती पानं होती.

रात्रीच्या जेवणातही साठमच. श्रेयससर म्हणजे त्यांचे शिकवणारे, अपूर्वाच्याच वयाचे. "सर म्हणतात, साठम वाईट माणूस नाही, हेच या कादंबरीचं दुखणं आहे."

"तुझ्या सरांनी कधी कारखान्याचं फाटक पाहिलंय का?"

"आमटी घ्या."

दुसऱ्या दिवशी मालिनीबाई भाजीला गेल्या तेव्हा गंगाधररावांनी कादंबरी उघडली. चोरून वाचायला बसले ते बायकोची पेन्सिल हातात घेऊनच. साठम मंत्र्यांना भेटल्या भेटल्या कामाचं बोलतो, तिथे समासात लिहिलं: 'चूक. आधी चहा, मग मुलाबाळांची चौकशी, काम उठताना दारात.' बदकांपाशी लिहिलं: 'बदकं कोण आणतं? मासे बरे.'

"पुस्तक लायब्ररीचं आहे," संध्याकाळी मालिनीबाई एवढंच म्हणाल्या आणि रबर घेऊन बसल्या.

"मग विचार ना मला. रविवारी तुला त्यावर बोलायचंय ना? खरा माणूस घरात बसलाय तुझ्या. बाकीच्यांकडे आहे का?"

"बघू," त्या म्हणाल्या. खोडत राहिल्या. रविवार आला, तरी त्यांनी काही विचारलं नाही.

रविवारी स्कूटरवरून त्यांना कॉलेजवर सोडून गंगाधरराव परत फिरले नाहीत. मागच्या बाकावर जाऊन बसले. वर्गात दवाखान्यात काम करणारी मनीषा होती, एसटीतला कंडक्टर नवनाथ होता, सगळे नोकरीतून वेळ काढून आलेले. मालिनीबाई चांगलं बोलल्या. साठम कधी खोटं बोलत नाही, तो फक्त खरं दिसेल अशी जागा सजवतो, असं म्हणाल्या. टाळ्या पडल्या. गंगाधररावांचं नाव सोडाच, सातपूरचंसुद्धा आलं नाही.

"असा साठम प्रत्यक्षात कुणी पाहिलाय का?" श्रेयससरांनी विचारलं.

गंगाधरराव उभे राहिले.

पंगतीत सांगायचे तशीच त्यांनी गोष्ट सांगितली, साहेबांच्या आवाजासकट. नवनाथनं बाकावर हात आपटला. "काका, तुमी तर साठमचे बाप निघाले राव." श्रेयससर चष्मा काढून डोळे पुसत होते. सगळा वर्ग गंगाधररावांचा झाला होता. मालिनीबाई तेवढ्या पुस्तकाचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ करत होत्या.

घरी येऊन चप्पल काढता काढता गंगाधरराव म्हणाले, "एक विचारू? त्या बदकांना इतकी हसतेस. माझे मासे तर खरे होते. इतक्या वर्षांत एकदाही हसू आलं नाही तुला?"

मालिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या, पातेलं उतरवलं, तिथूनच म्हणाल्या, "बदकं पुस्तकातच राहिली हो. तुमचा मासा घरी आला होता."

"घरी?"

"तपासणी झाल्यावर. अपूर्वासाठी बरणीत घालून आणला होतात. टाकीतल्याच पाण्यासकट. तिनं त्याला पोळीचे तुकडे टाकले. सकाळी उठली तर तो उलटा तरंगत होता. तुम्ही साहेबांना सोडायला स्टेशनवर गेलेले. पोर दिवसभर विचारत होती, मी पोळी दिली म्हणून मेला का?"

गंगाधरराव दारातच उभे होते. ही गोष्ट त्यांना खरंच आठवत नव्हती. "मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? हो म्हणाले. पोळी चालत नसेल त्यांना, म्हटलं. मग बरणीसकट मागच्या अंगणात पुरला आम्ही दोघींनी." गॅस पेटल्याचा आवाज आला. "तुम्हाला विचारलं असतं ना, तर मला साठमला हसता आलं नसतं. म्हणून नाही विचारलं. कढीपत्ता आणता ना जरा?"

कढीपत्ता मागच्या अंगणात होता. अपूर्वा शाळेत जायला लागली त्या सुमाराला लावलेला, आता भिंतीच्या वर गेलेला. रोज ते तरातरा जाऊन डहाळी ओरबाडून आणायचे. आज बुंध्यापाशी त्यांचं पाऊल अडलं. मातीत एक बांगडीची काच आणि बरणीचं गंजलेलं झाकण अर्धवट वर आलेलं होतं. पूर्वीही असेल. झाकणाला पाय लागू नये म्हणून ते लांबूनच वाकले. फांदीपर्यंत हात पोचेना.

"अहो," आतून हाक आली, "फोडणी जळेल."