खैराती दवाखाना

तेरच्या बाजारात लालमहंमद मणियाराच्या बांगड्यांना नाव होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी त्याची सून हमिदाबी बांगडीवर बांगडी हलकेच वाजवायची आणि तडकलेली आवाजावरून ओळखून बाजूला काढायची. त्या दिवशी आतल्या खोलीत तिचा नवरा गफार खोकला आणि तिचा हात थांबला. तो आवाजही तडकलेलाच होता.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. गफारचा क्षय मात्र मुंगीच्याच पायानं आला. आधी संध्याकाळचा ताप, मग खोकला, मग फडक्यावर रक्त. लालमहंमदनं हात आखडता घेतला नाही. सोलापूरचा खासगी डॉक्टर गाठला, सुया सुरू केल्या. दीड महिन्यात पोराच्या तोंडावर रंग आला आणि दुकानातला माल मात्र सरत आला. तेव्हा म्हाताऱ्यानं सुया थांबवल्या. बरं वाटलं की औषध बंद, ही आपल्याकडची जुनीच काटकसर. तिनं किती घरं बुडवली ते कुणी मोजत नाही.

खोकला परतला तेव्हा शेजारची शांताक्का हमिदाबीला म्हणाली, "आमच्या महालिंगप्पाला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात गुण आला बघ. सुया, गोळ्या, समदं फुकट."

हमिदाबीनं धीर करून सासऱ्यापुढं विषय काढला.

"खैराती दवाखान्यात?" लालमहंमद ताडकन उठला. निजामाचं राज्य जाऊन पंधरा वर्षं झाली होती, दवाखान्याची पाटीसुद्धा बदलली होती, पण म्हाताऱ्याच्या जिभेवर जुनंच नाव होतं. "आपुन गोरगरिबाला जकात देनारी मानसं. खैरात घेनाऱ्यांच्या रांगेत माझा पोरगा हुभा ऱ्हानार न्हाय."

"अब्बा, ह्यांचं आंग लई तापतंय."

"उरूस हुंदे. माल खपला की म्याच सोलापूरला नेतो. बाप हाय म्या त्येचा."

आणि तो खरंच बाप होता. दुकान उरकलं की पोराचे पाय चेपत बसायचा, डोळे पुसायचा. अब्रूपायी मुलगा जातोय हे त्याला दिसत नव्हतं, कारण गावानं याच अब्रूबद्दल त्याला जन्मभर सलाम ठोकले होते. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय?

उरूस तीन आठवड्यांनी आला. तोवर गफारला उठून बसवेना. माल खपायची वाट न बघता, शुक्रवारी सासरा नमाजला गेला तशी हमिदाबीनं शांताक्काच्या बैलगाडीतून नवऱ्याला एसटीपर्यंत नेलं.

धाराशिवच्या डॉक्टरांनी छाती तपासली. "सुया मधेच का सोडल्या?"

तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"खैरात कसली, बाई?" डॉक्टर चिडलेच. "तुमचा सासरा सरकारात कर भरतो ना? त्याच पैशावर चालतो हा दवाखाना." मग आवाज उतरवून म्हणाले, "प्रयत्न करतो. पण घरातल्या लेकरांनाही दाखवून जा. लवकर."

दवाखान्यातल्या अकराव्या दिवशी गफार गेला.

जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या फातेह्याला, गाव लोटलं. लालमहंमद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "सोलापूरचा डॉक्टर केला. पैका पान्यावानी वतला. अल्लाची मर्जी!" लोक माना डोलवत होते. आत इद्दतीत बसलेल्या हमिदाबीला ते ऐकवेना. विधवेनं चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, अशी ती रीत. तिच्या मांडीवर तिची सहा वर्षांची लेक चाँदबी होती. पोर खोकत होती. आठवडाभर खोकत होती.

लोक पांगल्यावर हमिदाबी बाहेर आली. "अब्बा, चाँदला धाराशिवला न्यायचंय."

"सर्दी हाय ती. तुझी इद्दत सरू दे, मंग बघू."

"इद्दत माझी हाय, अब्बा. खोकला तिचा हाय."

"लोक काय म्हंतील?"

"मय्यतीला आलेच की समदे. आनिक काय म्हनायचं ऱ्हायलंय?"

डोक्यावरून चादर घेऊन ती भर बाजारातून निघाली. एका दुकानात बांगड्या भरायला बसलेली बाई उठून उभी राहिली, कुणी तोंडाला पदर लावला, कुणी पुटपुटलं. लालमहंमद दारात नुसता उभा होता. त्यानं हाकही मारली नाही आणि अडवलंही नाही.

दवाखान्यात चाँदबीच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टर तो उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिले. हमिदाबीनं पोरीला जवळ ओढलं.

"सुरुवात आहे," ते म्हणाले. "औषध वर्षभर एक दिवस न चुकता द्यायचं. पोर बरी होईल. वेळेत आणलीत, बाई."

नवऱ्याच्या मय्यतीला चार माणसांत जी बाई रडली नव्हती, ती 'वेळेत आणलीत' हे दोन शब्द ऐकून तिथंच फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. डॉक्टर गोंधळले. पोर बरी होईल असं सांगूनही ही का रडते, त्यांना कळेना.

"एका येष्टीवर व्हतं, डाक्टरसाब," ती म्हणाली. "हे इतकं जवळ व्हतं!"